आडवं नेता येईल अशी गाडी

३ मार्च, मंगळवार

"टेकडीवरच्या माणसांनो! रुग्णवाहिका वळणाखालीच थांबते, आणि आपला आजारी माणूस खुर्चीत बसवून खाली न्यावा लागतो!" — सभेला अशीच सुरुवात केली. टाळ्या! गेल्या वर्षी शिंप्याची बायको त्या वळणावर खुर्चीतच वारली. आता वस्तीची स्वतःची गाडी येणार. कुठली, ते मी ठरवायचं. घाई मलाच — माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. "आडवंच न्या," डॉक्टरांनी बजावलंय.

गाड्यांच्या चाचणीला आजाऱ्याच्या जागी वाळूचं पोतं ठेवणार होतो. आक्का म्हणाली, "हाडं कुठे टोचली हे पोतं सांगणार का रे? मी झोपते."

४ मार्च

सेडान बघताक्षणी बाद. डिकी वेगळी, माणूस आडवा करायचा कुठे? हॅचबॅकची मागची सीट पाडली, तरी आक्काचे गुडघे दुमडलेलेच. वळणावर ती पुटपुटली, "जरा सरक गं."

औषधाची गुंगी.

६ मार्च

स्टेशन वॅगन. आक्का सरळ झोपली. पण इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना — चढावर भार मागे गेला आणि पुढची चाकं खडीवर नुसती गरगरली. त्याच वळणावर! गाड्या पारखायला सोबत घेतलेला गॅरेजचा मेस्त्री उतरला, मागे जाऊन वाकला.

"आक्का एकट्याच आहेत ना? मागची बाजू तिघं बसल्यासारखी दबलीय."

आक्का चाळीस किलोसुद्धा नाही. खेकसलो त्याच्यावर! भुताखेतांविरुद्ध तीस वर्षं घसा फोडला मी. माझ्यासमोर ही भाषा?

७ मार्च

उंच जीप. चारही चाकांना ओढ, घोरपडीसारखी चढली. पण तळ माझ्या कमरेएवढा. "आजारी माणूस चढवायचाय की माळ्यावर पेटी?" — मेस्त्री. चढवताना आक्का हलकी होती. वळण ओलांडून आल्यावर उतरवली, तर दोघांचे हात भरून आले.

मेस्त्रीने वाकून मागची बाजू पाहिली. मीही.

८ मार्च

व्हॅन! तळ गुडघ्याएवढा, दार सरकतं, ओढ मागच्या चाकांना — मागे भार वाढेल तशी पकड वाढते. हीच! सभेत एकमताने मंजूर.

आक्काही खूश. "दोघी ऐसपैस मावतो." मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं — "शिंपीण रे. हात किती गार आहेत तिचे."

१२ मार्च

सकाळी आक्काच्या छातीत कळ आली. वीस मिनिटांत दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, खुर्चीत आणली असती तर हाती लागली नसती.

वाचली! वाचली!

१५ मार्च

आक्काला घरी आणलं. पुढे, माझ्याशेजारी बसवून. मागे कुणी नाही. दारात उतरलो, पाहिलं — मागची बाजू दबलेलीच.

आक्का म्हणाली, "तिला दवाखान्यात उतरवलंच नाही रे तुम्ही. तिथल्या पोरांनी स्ट्रेचर एकच आणलं."

दवाखान्यातल्या माणसांनो, उद्या सकाळी व्हॅन घेऊन पुन्हा येतोय. दारात दुसरं स्ट्रेचर आणा!