राखणदाराच्या चपला

६ नोव्हें., गुरु
लोअर परळचं स्थळ आटोपलं. मुलगा निर्व्यसनी म्हणे! भर दुपारी बारमधून निघाला, बडीशेप चघळत. मुलीच्या बापाला कळवलं तर तो माझ्यावरच डाफरला. लग्नाआधीच्या चौकशांचा धंदा हा असा. कौतुक नाहीच, वर शिव्या.

घरी येते तर चाळीत बोंबाबोंब. पिंपळाखालच्या घुमटीतून राखणदाराच्या, आमच्या चाळीच्या देवाच्या, चपला गेल्या. हातभर लांब, जत्रेला वाहिलेल्या. त्या घालून तो रात्री चाळीला फेरी मारतो. वर्षभरात तळ झिजतात, मी स्वतः पाहिलंय, तेव्हा हसायचं काम नाही. घुमटीची किल्ली आमच्याकडे, देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मानही आमच्याच घरात, आजोबांपासून. आप्पा तिथेच बसून राहिलेत.

पण चपला?? कुणाच्या पायाला होणार त्या?

७, शुक्र
आज घुमटीतला देवाचा चांदीचा मुखवटा गेला. कुलूप शाबूत. म्हणजे किल्लीने उघडलं. म्हणजे आप्पांनी! असं सेक्रेटरी परब सगळ्यांसमोर बोलला. "म्हातारपणी फिरते बुद्धी माणसाची." पुढच्या रविवारच्या मीटिंगपर्यंत मुखवटा आला नाही तर पोलिसांत आप्पांचं नाव देणार, आणि मान परबांच्या घरात जाणार. ह्याचा बापही आजोबांशी ह्याच मानावरून भांडला होता. मेला कुठला.

रात्री बांगड्याचं तिखलं केलं. आप्पा नुसता भात चिवडून उठले. माझा बाप, बांगडा तसाच ठेवून! मोरीत जाऊन रडले मी.

९, रवि
डोकं चालवलं. बाहेरचा चोर असता तर आधी चांदी उचलली असती. ह्याने आधी चपला नेल्या. का? तर राखणदाराला फेरी मारता येऊ नये म्हणून. अनवाणी देव पाठलाग कसा करणार? म्हणजे चोर देवाला घाबरणारा. म्हणजे आपलाच, कोकणातला. बाहेरच्याच्या डोक्यात हे येणारच नाही.

संध्याकाळी आप्पांनी गाऱ्हाणं घातलं. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "बा देवा म्हाराजा! जेणी कोणी तुझा पायतान नेल्यान, तेका तुझी फेरी मारूक लाव. तेच्या पायांका थारो देव नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी चाळ एका सुरात. गाऱ्हाण्यात शब्द ऐकतंय कोण? हात जोडायचे, व्हय म्हाराजा म्हणायचं, डोळा नारळाच्या प्रसादावर. परबचा आवाज सगळ्यात मोठा.

११, मंगळ
फटाक, फटाक. रात्री गॅलरीतून, जिन्यातून. अंथरुणात ऐकलं, अंगावर काटा आला. सकाळी बघते तर बाइकमधलं पेट्रोल काढणारा भुरटा आपला कॅन टाकून पळालेला. चाळ खूश. राखणदार परतला!

आप्पा खूश नाहीत. "अगो सुमे, तेका पायतानच नाय. मगे फिरता कोण?"

बरोबर आहे की.

१२, बुध
परबकाकू तेल मागायला आल्या. "ह्यांच्या टाचा बघ गो, नांगर फिरवल्यासारख्या. दिवसभर घोरत पडलेल्या माणसाच्या टाचा फुटतात?"

माझे कान टवकारले. म्हटलं चला, मीच आणून देते. परब भर अकरा वाजता गाढ झोपलेला. चादरीबाहेर पाय. पायांत हातभर लांब चपला!! काकूंना वाटलं, गावाहून आणल्या असतील. धन्य ती बाई.

तेल ठेवलं, आले.

१४, शुक्र
परबला गच्चीवर गाठलं. चपला, मुखवटा, सगळं एका दमात कबूल. आप्पा आंघोळीला गेले की खुंटीवरची किल्ली घेऊन साबणावर छाप काढला होता. मेल्या, त्याच साबणाने मी आठवडाभर कपडे धुतले.

"सुमे, काय करू गो? ट्रंकेत कुलपात घातल्या, तरी रात्री पायांत येतात. एकदा भोईवाड्यापर्यंत पळालो. चपलांनीच वळवून आणलं!" रडायला लागला. "आप्पांना गाऱ्हाणं उलटं घालायला सांग. मग सगळ्यांसमोर बोलतो."

"आधी बोला काका. नाहीतर चाला."

कीव आली मला त्याची, खोटं कशाला बोलू. पण बाप उपाशी आहे माझा.

१६, रवि
मीटिंग. परब बोलला, सगळ्यांसमोर. मुखवटा तांदळाच्या डब्यातून निघाला. चपला मात्र आता पायांतून निघेनातच. आप्पांचे पाय धरले त्याने. आप्पांनी मुखवटा धोतराच्या सोग्याने पुसला, जागेवर ठेवला, कुलूप लावलं. मला हुंदका आवरेना.

मग उलटं गाऱ्हाणं. चाळीतल्यांचं आपलं सुरू, एवढी घाई काय आहे, बाइकवाले तर हात जोडून विनवायला लागले, पेट्रोल वाचतंय हो. आप्पांनी सगळ्यांना गप्प केलं. परब डोळे मिटून उभा. आम्ही 'व्हय' तोंडात धरून तयार.

"बा देवा म्हाराजा..." आप्पा थांबले. डोकं खाजवलं. "फुडला इसारलंय."

जन्मभर गाऱ्हाणी घातलेला माणूस!

घरी सुरमई तळली. "आप्पा, खरंच विसरलात?"

"मान व्हयो होतो ना तेका? गावलो. राखणदाराचो."

"पण किती दिवस?"

"आठावला काय सांगतंय."

बाहेर जिन्यात फटाक फटाक सुरू झालं, जरा लंगडत. आप्पांनी कान दिला. मग ताट पुढे केलं, म्हणाले, "आणखी एक तुकडी वाढ गो."