आप्पांची काठी

४ फेब्रुवारी १९५९, शिरूर
आप्पांनी लिलावातली जुनी मिलिटरी जीप घेतली. चालवायची मी. शेजारी बसा म्हणालो, तर वडील ऐकेनात. बैलगाडीत मालक मागं बसतो, म्हणून हेही मागंच. डावीकडं वळायचं तर डाव्या खांद्याला काठी टोचतात, उजवीकडं तर उजव्या. थांबायचं असेल तर पाठीत. अंग ठणकतंय. बोलायची सोय नाही.

१९ फेब्रु.
विमलला आणायला दौंडला. बाळंतपणाला गेलेली बायको, अजून माहेरीच. तिथल्या शाळेत मास्तरीण झालीय. बोलणी आप्पांनीच केली. "पोरगा म्हणतोय, नोकरी सोड आन् चल." मी असं कधी म्हणालोच नव्हतो. विमल माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही बोला की." मी आप्पांकडं बघितलं. झालं.
मेव्हणा रेल्वेत गार्ड. निघताना हसून म्हणाला, आमचे साहेबलोक अशा माणसाला बॅक सीट ड्रायव्हर म्हणतात. आप्पांना वाटलं कौतुक केलं, खूश झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं लग्न, शेतातलं पीक, पोरीचं नाव, सगळं मागं बसूनच ठरवलंय त्यांनी. चाक तेवढं माझ्या हातात.

२ मार्च
मेव्हण्याकडून विमलचा निरोप. एकदा एकटे या. राहा म्हणालात तर राहीन, चल म्हणालात तर येईन, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. आप्पांबरोबर आलात तर दार उघडणार नाही.
तिनं नोकरी करावी. पोर रोज डोळ्यांसमोर हवी. मीही दौंडला... पण आप्पांना कोण सांगणार.

९ मार्च
आप्पांचा गुडघा सुजला. जीपमध्ये चढवेना. "तू जा उद्या. न्हाई आली तर पोरीला तेवढी उचलून आण."
मी व्हय म्हणालो. कशाला म्हणालो? रात्रभर स्वतःचाच राग येतोय.

१० मार्च, न्हावऱ्याचा फाटा
एकटाच. मागची सीट रिकामी. दौंड डावीकडं, हे लहान पोरही सांगेल. तरी गाडी उभी केली आणि बसून राहिलो. दोनदा मागं वळून बघितलं. विमलला काय सांगायचं ते पाठ करून आलो होतो, आता एक शब्द आठवत नाही.
एक गाडीवान बैल थांबवून म्हणाला, "बिघडली काय, मालक?"
न्हाई म्हणालो.
"मग जावा की."
तो गेला पुढं. मी डावा खांदा जरा मागं करून बसलोय. इंजिन चालूच आहे.