तळ्याकाठची बैठी घरं आणि माझी साक्ष

प्रिय एडनाताई,

तुला आणि दाजींना लेस्टर आणि मेबलचा नमस्कार. तुझा खुबा आता कसा आहे? फ्लोरिडाच्या उन्हात हाडं छान शेकून निघतात असं तू लिहितेस, आणि त्याच पत्रात दाजी दिवसभर एसीसमोरून हलत नाहीत असंही लिहितेस. तेव्हा हाडं नेमकी कोणाची शेकतायत, ते एकदा कळव. दाजींनी गॅरेजमधल्या सरड्याचं बारसं केलं, हे वाचून मेबलला काळजी वाटली. मला नाही वाटली. माणूस निवृत्त झाला की त्याला कोणावर तरी ओरडायला लागतं, आणि तुझ्यावर ओरडण्याची त्यांची छाती कधीच नव्हती. आमचं इकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य मी सवयीने लिहिलं. खोडलं असतं, पण तुला खाडाखोड आवडत नाही.)

रस्त्यापलीकडची हर्शबर्गरांची सफरचंदाची बाग विकली गेली हे तुला ठाऊक आहेच. तिथे वसाहत होणार, तिचा नकाशा बोर्डाने मागेच मंजूर केला होता. (बोर्ड म्हणजे कुठे काय बांधायचं आणि काय नाही हे ठरवणारे आपल्या टाउनशिपचे पाच जण. त्यातल्या चौघांना तू लहानपणी चड्डीत पाहिलं आहेस, पण खुर्चीत बसले की ते तसे दिसत नाहीत.) त्या नकाशात तळ्याच्या काठाने थोडी बैठी घरं होती, खास आमच्या वयाच्या लोकांसाठी. जिना नाही, उंबरासुद्धा नाही. मेबलने तो नकाशा ग्रंथालयाच्या भिंतीवर पाहिला आणि घरी येऊन स्वयंपाकघरात बराच वेळ गप्प बसली. मेबल गप्प बसली की मी आधी माझं काय चुकलं ते आठवतो. या वेळी काही आठवलं नाही, म्हणून जास्तच घाबरलो.

आता तुला खरं सांगतो. मार्चमध्ये मेबल बर्फावरून घसरली असं आम्ही तुला कळवलं होतं. ती बर्फावरून घसरली नाही, घरातल्या जिन्यावरून पडली. मी त्या वेळी बियाण्यांच्या दुकानात गप्पा छाटत होतो. परत आलो तर ती जिन्याच्या तळाशी, भिंतीला पाठ टेकून बसलेली. ओव्हनमधून जळका वास येत होता आणि ती मला म्हणाली, "आधी तो केक काढ, मग मला." तिथे ती किती वेळ बसली होती ते तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही. केकवरून मी अंदाज केला, आणि तो अंदाज मला रात्री झोपू देत नाही. गुडघ्याबद्दल डॉक्टर जे म्हणाले ते लिहीत नाही. जिने उतरायचे दिवस संपले, एवढंच समज. म्हणून आम्ही तळ्याकाठच्या एका बैठ्या घरासाठी नाव नोंदवलं, आणि कोणालाही सांगितलं नाही. कोणालाही म्हणजे ऑर्विलला.

कुंपणापलीकडचा ऑर्विल गिंडर तुला माहीत आहे, पण त्याची बायको थेल्मा गेल्यानंतरचा ऑर्विल तुला माहीत नाही. आमच्या दारापुढचा बर्फ तोच काढतो, आम्ही उठायच्या आत. मंगळवारी जेवायला आमच्याकडे असतो. पूर्वी तो पावसावर चिडायचा, आता बिल्डरवर चिडतो. बाग गेली, आता वसाहत येणार, गाड्या येणार, हरणं जाणार, विहिरी आटणार. बोर्डाविरुद्ध त्याने समिती काढली. अध्यक्ष ऑर्विल, उपाध्यक्ष मी. (मला विचारलं नव्हतं. आमच्या कोठीत रंगाचे डबे होते, त्यावरून माझी निवड झाली.) 'एकही घर नको' असे फलक त्याने आमच्याच कोठीत, आमच्याच रंगाने रंगवले, आणि मेबलने केलेला ॲपल पाय खात खात म्हणाला, "त्या खोक्यांत राहायला जाणार तरी कोण? गाढवंच जाणार." मेबलने त्याला आणखी एक तुकडा वाढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी फलकावरचं अक्षर गिरवत होतो.

असंच निभलं असतं. पण ऑगस्टमध्ये बिल्डरने अर्ज केला की मंजूर नकाशात बदल हवा. तळ्याकाठची बैठी घरं रद्द, त्या जागी तीन मजली घरांची एक लांब रांग. त्यावर बोर्डापुढे जाहीर सुनावणी ठरली. ऑर्विल खूश झाला, कारण बदलाला विरोध करता करता सगळी वसाहतच उडवता येईल असं त्याला वाटलं. मेबल मात्र भांडी पुसता पुसता म्हणाली, "ती घरं गेली तर मी आजपासून खालीच, स्वयंपाकघरात झोपणार. तू बोर्डापुढे बोल."

मी म्हटलं, "अगं, मी तिथे ऑर्विलशेजारी बसणार आहे."

"मग त्याच्या शेजारून ऊठ आणि बोल."

तुझी भावजय कमी बोलते याचं सगळ्यांना कौतुक आहे. मला नाही.

सुनावणी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये होती. दुपारी तिथे बायकांनी कोंबडीचं आणि मक्याचं सूप विकलं होतं. त्यामुळे इतक्या गंभीर प्रसंगी सगळ्यांनाच भूक लागली होती. आम्ही ऑर्विलला आमच्याच गाडीतून नेलं. तो पहिल्या रांगेत, मी त्याच्या उजवीकडे, मांडीवर फलक. मेबल गुडघ्यामुळे मागे दाराजवळ बसली. बोर्डाचा अध्यक्ष क्लेटन हेस. सकाळीच त्याने माझं गवत कापायचं यंत्र दुरुस्त करून दिलं होतं, पण हॉलमध्ये त्याने मला ओळखही दाखवली नाही. त्याच्यापुढे कोंबडीच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि कोंबडी वाजली की खाली बसायचं. ऑर्विल सगळ्यांत आधी बोलला. हरणांपर्यंत आला आणि कोंबडी वाजली. तिच्या आवाजावर आवाज चढवून तो आणखी बराच वेळ बोलला, शेवटी क्लेटनने हातोडा आपटला.

मग बिल्डरचे वकील उठले, व्हिटकॉम्ब नावाचे. गोरेपान, मऊ आवाजाचे, शेजारच्या माणसाने झोपमोड केली तरी आभार मानतील असे. ते म्हणाले, बैठ्या घरांना मागणीच नाही. चार-दोन नावं नोंदली गेलीत, पण ती हौसेची. लोक नाव लिहितात आणि विसरतात. मग त्यांनी सावकाश सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. "इथे असा एक तरी माणूस आहे का, ज्याला ते घर खरोखर हवंय? असेल तर त्याने शपथेवर सांगावं. नसेल, तर बोर्डाने कोणासाठी अडून बसायचं?"

एडनाताई, सुपाच्या पातेल्याचं झाकण कुठेतरी बसल्याचा आवाज तेवढा आला. ऑर्विल आयुष्यात पहिल्यांदा वकिलाशी सहमत झाला. माझ्या मांडीवर थाप मारून मोठ्याने म्हणाला, "कोणाला नकोय! बघा, कोणालाच नकोय!" मी मागे पाहिलं नाही. मागे पाहायची गरज नव्हती. मेबलची नजर मला मानेवर लागत होती. मला फक्त तो जिन्याचा तळ दिसत होता, आणि तिथे पाठ टेकून बसलेली ती, आणि मी दुकानात कोणाला तरी कांद्याच्या रोपांबद्दल शहाणपण शिकवत असलेला. मी उभा राहिलो. कधी राहिलो ते मला कळलं नाही. ऑर्विलला वाटलं मी त्याला दुजोरा द्यायला उठलो, म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या.

मला शपथ दिली. क्लेटनने, ज्याच्या लग्नात मी करवला होतो त्या क्लेटनने, विचारलं, "आपलं नाव?" नाव सांगितलं. मग मी गटारांबद्दल बोलायला लागलो. गटारांबद्दल मला काहीही माहिती नाही. कोंबडी टिकटिकत होती. बोर्डावरची ती चष्म्याची बाई, रोडा झुक, पुढे वाकून म्हणाली, "लेस्टर, मुद्द्याचं काय ते सांग ना रे." त्या "ना रे"ने मला धीर आला.

"ते घर आम्हाला हवंय," मी म्हटलं. "नाव आमचंच आहे. विसरलेलो नाही. मेबल मार्चमध्ये घरातल्या जिन्यावरून पडली. मी घरी नव्हतो. पुन्हा पडली तर मी घरी असेनच असं मला शपथेवर सांगता येणार नाही."

टाळ्या थांबल्या होत्या.

व्हिटकॉम्ब अदबीने पुढे आले. "आपल्या हातातल्या फलकावर काय लिहिलंय, वाचाल का?"

मी वाचलं. "एकही घर नको."

हॉल हसला. वकीलही हसले. "म्हणजे आपण नेमके कोणाच्या बाजूने आहात? बोर्डाच्या, शेजाऱ्यांच्या, की आमच्या?"

"बायकोच्या," मी म्हटलं, आणि कोंबडी वाजली.

या वेळी हॉल जास्तच हसला. मी खाली बसलो. ऑर्विल हसला नव्हता. तो समोर बघत होता, हात गुडघ्यांवर, दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसतात तसा.

पुढचं पटापट झालं. रोडाने नकाशावर बोट ठेवून विचारलं, ती तीन मजली रांग तळ्याऐवजी रस्त्याच्या बाजूला नेली तर बैठी घरं राहतील का? बिल्डर आणि वकील कोपऱ्यात कुजबुजले आणि हो म्हणाले. क्लेटनने पेन्सिलीने रांग काढून नकाशा आमच्याकडे वळवला. ती रांग सरळ ऑर्विलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आली होती. थेल्माच्या खिडकीसमोर. मतं घेतली, तीन विरुद्ध दोन, मंजूर. ऑर्विलने आपला फलक खुर्चीवर उताणा ठेवला आणि तो चालू लागला.

तो आमच्या गाडीतून आला होता हे त्याला बाहेर पडल्यावर आठवलं असावं. तरी तो चालतच निघाला. मी गाडी त्याच्या बाजूने, त्याच्या वेगाने हाकत राहिलो. मेबल खिडकीची काच खाली करून म्हणत होती, "ऑर्विल, आत बस. अरे ऑर्विल, तुझे बूट नवे आहेत, चावतील." तो कणसांच्या शेताकडे बघत चालत होता. मागे गाड्यांची रांग लागली. हॉलमधले सगळेच मागे होते, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही, आणि त्यामुळेच मला रडू यायचं तेवढं राहिलं. असे आम्ही घरी पोचलो, मिरवणुकीने.

पुढच्या मंगळवारी त्याची खुर्ची रिकामी होती. मेबलने पाठवलेलं भांडं धुऊन पायरीवर परत आलं, आतलं खाल्लं होतं की कुत्र्याला घातलं ते कळलं नाही. शेवटी मीच गेलो. तो मागच्या ओट्यावर बसला होता. 'बस' म्हणाला नाही. दुसऱ्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र मात्र उचललं, तेव्हा बसलो.

मग तोच म्हणाला, "बर्फावरून घसरली म्हणालास."

"हो."

"त्या आठवड्यात बर्फ नव्हताच. तुमच्या दारचा बर्फ मी काढतो. मला कळत नाही होय?"

"मग विचारलं का नाहीस?"

"सांगाल म्हटलं." मग तो दाढी खाजवत राहिला. "थेल्मा असती तर तिला सांगितलं असतंत."

ते खरं होतं. मी म्हटलं, "तू चिडशील असं वाटलं."

"चिडलोच असतो! मग काय झालं असतं? चिडून तुमच्या जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा ठोकून दिला असता. पडली तेव्हापासून आजपर्यंत ती एकाच कठड्याला धरून चढते-उतरते आहे, अक्कलशून्य माणसा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लाकूड आणि हत्यारं घेऊन आला आणि दुपारपर्यंत ठोकत होता. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मंगळवारी जेवायला आला. खुर्ची ओढली, प्रार्थना म्हटली, आणि मेबलला म्हणाला, "त्याला सांग, लोणी इकडे सरकव." मेबलने मला सांगितलं. मी सरकवलं. सध्या आमचा संसार असा तिघांत चालतो. घर बांधून व्हायला अजून दीड-दोन वर्षं आहेत, तोवर निरोपांची सवय होईल.

दाजींना नमस्कार. सरड्यालाही विचारलं म्हणून सांग.

तुझा धाकटा भाऊ,
लेस्टर

ता. क. एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. बैठ्या घरात जायचं म्हणजे आत्ताचं घर विकावं लागेल, आणि ते आईबाबांनी आपल्या दोघांच्या नावावर ठेवलेलं आहे. तेव्हा तुझी संमती लागेल. बाबांच्या दफनाच्या दिवशी तू मला म्हणाली होतीस, "हे घर विकलंस तर मला तोंड दाखवू नकोस." म्हणून पत्राने विचारतोय. वर जे काही लिहिलं त्यातला मुद्दा एवढाच होता. ही चार वाक्यं लिहिण्यापेक्षा बोर्डापुढे गटारांबद्दल बोलणं सोपं होतं.

दुसरा ता. क. मेबलने आत्ता पत्र वाचलं. ती म्हणते की तिने तुला सुनावणीच्या आधीच फोन केला होता, आणि तू तेव्हाच हो म्हणाली होतीस. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणते, एडना म्हणाली, त्याला लिहू दे. जन्मात पहिल्यांदा लांबलचक पत्र येईल.