चारशे ऐंशी ग्रॅम

४ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र औषधाच्या दुकानात गल्ल्यापाशी उभ्या उभ्या वाचलं आणि गिऱ्हाइकासमोर एकटीच हसले. शीतगृहाच्या मालकांनी तुम्हाला परत बोलावलं, एक मेपासून दुरुस्तीचं टेबल पुन्हा तुमचं! निवृत्त झाल्यापासून घर तुम्हाला खायला उठलं होतं आणि तुम्ही आईला. आता दोघंही सुटलात. चाळीस वर्षं त्यांनी तुमचे हात पाहिलेत, त्या टेबलावर त्यांना दुसरं कोण पटणार? फक्त जायच्या आधी नवा चष्मा करून घ्या.

आता माझं रडगाणं. गाडीचा एसी रुसलाय. सकाळी आठला दुकानात जाताना झकास गार हवा देतो. दुपारी दोनला घरपोच औषधं द्यायला निघाले, की पाच मिनिटं शहाण्यासारखा वागतो आणि मग नुसती गरम फुंकर. जरा वेळाने आपोआप गार, पुन्हा गरम. समोरच्या गॅरेजची फिटरबाई बघायला तयार आहे. पण घरात एवढा मोठा वैद्य असताना दुसरीकडे नाडी दाखवली तर तुम्ही वर्षभर बोलणार नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला तेवढं ओरडवत नाही, म्हणून हा कागद. काय करू ते सविस्तर कळवा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो वाढू द्या.

तुमची,
ठकी


९ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नवा चष्मा नको, जुना ठणठणीत आहे. फिटरबाईला तूर्त लांबच ठेव. तू औषधं दे, थंडीचं मी बघतो.

नीट वाच. गाडी सावलीत उभी कर, इंजिन चालू, एसी पूर्ण. बॉनेट उघडण्याआधी केस बांध, सैल बाह्या वर कर, पट्ट्यात काही अडकलं तर एसी राहील बाजूला. कॉम्प्रेसरपाशी टक् असा आवाज होऊन पुढची चकती फिरायला लागते का बघ. पंखा फिरतो का बघ. मग इंजिन बंद करून, निवल्यावर, पुढची जाळी पाण्याने हलक्या हाताने धू. एवढ्याने भागलं नाही तर गॅस कमी झाला, दुसरं काही नाही. फेब्रुवारीत आलो होतो तेव्हा मी स्वतः दोन डबे भरले होते. तो गॅस गेला कुठे? म्हणजे गळती. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लाव, बुडबुडा आला की चोर सापडला. तो जोड आवळ आणि एक डबा भर.

किती भरायचा असं मात्र विचारू नकोस. एक बारीक पाइप असतो, एक जाड. जाड पाइपवर हात ठेवायचा, गारवा झोंबला की डबा बंद. चाळीस वर्षांत मी काट्याकडे बघून गॅस भरलेला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मालकांनी माझं टेबल हिरवं रंगवून घेतलंय. मी रोज पाने-पकडी पुसून ठेवतोय. तुझी आई म्हणते, एक मे उद्याच का येत नाही. तिला एवढी घाई कसली ते तीच जाणे.

काम झालं की कळव. आम्हा दोघांचे आशीर्वाद.

तुझे,
बाबा


१७ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं रविवारी अंगणात केलं. टक् झालं, चकती फिरली, पंखाही फिरला. जाळीतून एवढा चिखल निघाला की त्यात एक रोप लावता आलं असतं. फेस प्रत्येक जोडावर फासला, बुडबुडा एकही नाही. मग डबा हातात घेतला आणि थांबले. बाबा, मी पडले औषधवाली. न मोजता मी कुणाला खोकल्याचं औषधसुद्धा देत नाही. फिटरबाईकडून दाब मोजायचं दोन काट्यांचं गेज मागून आणलं, हातमोजे घातले, गॉगल चढवला आणि भर दुपारी दोनला गेज लावलं. गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली लोळत पडले असते. इथे निळा आपल्या जागेच्या बराच वर, आणि लाल चढतोय, चढतोय, चढतोय, आणि टक्! कॉम्प्रेसर बंद. काटा उतरला की पुन्हा चालू. गॅस कमी नव्हताच, जास्त झाला होता. सकाळच्या गारव्यात तो खपून जायचा. उन्हात दाब इतका वाढायचा की गाडी स्वतःचा जीव वाचवायला एसी बंद करायची.

हा गॅस हवेत सोडायचा नसतो, म्हणून फिटरबाई तिचं यंत्र घेऊन अंगणात आली. सगळा ओढून घेतला आणि वजन केलं. सातशे दहा ग्रॅम भरला. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलंय चारशे ऐंशी. मग आतली हवा काढून अर्धा तास काट्याकडे बघत बसलो, तो तसूभर हलला नाही. गळती नाहीच. शेवटी डबा माझ्या दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवून चारशे ऐंशी ग्रॅम मी माझ्या हाताने भरला. काल भर दुपारी तासभर गाडी चालवली, थंडीने शिंका यायला लागल्या.

पत्र इथेच संपवणार होते. दोन दिवस तसंच पडू दिलं. पण गप्प बसवत नाही. फेब्रुवारीत त्या पाइपवर माझाही हात होता. पहिल्याच डब्याला तो इतका झोंबला की मी आई गं करून हात काढला. तुमचा तिथेच होता. अजून गार झाला नाही, असं तुम्ही म्हणालात आणि दुसरा डबा उघडलात. मला वाटलं, उस्तादांना जास्त कळतं. बाबा, तुमचा अंदाज चुकला नाही. तुमच्या बोटांना गारवा कळलाच नाही. साखरेचे रुग्ण माझ्या दुकानात रोज येतात. कुणाची चप्पल पायातून निसटते ते कळत नाही, कुणाला चटका बसतो ते कळत नाही. तुमच्या साखरेच्या गोळ्या मीच पाठवते आणि मलाच हे दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शीतगृहातलं काम म्हणजे माझी एवढीशी गाडी नव्हे. तिथे तापलेला पाइप तुम्हाला थंड वाटला तर? एक मेच्या आधी डॉक्टरांना बोटं दाखवा आणि मालकांना खरं सांगा. तुम्हाला त्या टेबलाची किती ओढ आहे ते मला ठाऊक आहे. पण टेबल गेलं तर चालेल, हात जायला नको. माझ्यावर हवं तेवढं रागवा, लपवू मात्र नका.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठकी


२४ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि डोकंच फिरलं. कालची पोर मला गॅस शिकवणार! दोन दिवस जेवणात मीठ नाही म्हणून उगाच वाद घातला. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईला म्हटलं, दोन पेले ठेव, एक गार पाण्याचा, एक कोमट, आणि दर वेळी जागा बदल. डोळे मिटून चार वेळा हात लावला. दोनदा चुकलो. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं.

तुझ्यापासून काय लपवायचं? बोटांना मुंग्या येतात हे मला ठाऊक होतं. वाटलं, बसून बसून गंज चढलाय, टेबलावर बसलो की उतरेल. डॉक्टर म्हणाले, नसा दुखावल्यात. साखर आवरली तर आहे ते टिकेल, गेलेलं सगळं परत येईल असं नाही. तिथून तडक मालकांकडे गेलो आणि सगळं सांगून मोकळा झालो. ठके, ते हिरवं टेबल समोर होतं. मालक म्हणाले, हाताच्या अंदाजाने भरणारे इथे एकटे तुम्हीच होतात, बाकी सगळे गेज लावतात, तुम्हीही लावा. पाइप जोडायचं आगीचं काम दुसरे करतील, बिघाड शोधायचा तुम्ही. त्याला बोटं लागत नाहीत, डोकं लागतं. तेव्हा एक मेला मी जातोय. गेज घेतलं, वजनकाटा घेतला आणि तुझ्या समाधानासाठी नवा चष्माही केला. फिटरबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्याबद्दल जे बोललो ते मागे घेतो.

आता शेवटचं. पेल्यांची परीक्षा झाली तेव्हा मी तुझ्या आईला जरा तोऱ्यातच म्हणालो की बघ, मी स्वतःहून कबूल करतोय. ती पेले उचलता उचलता म्हणाली की तिला वर्षापासून ठाऊक आहे. मालकांना गुपचूप सांगून यायला ती दोनदा दारापर्यंत गेली होती, पण पाने पुसताना माझा चेहरा बघून तिचा पाय निघाला नाही. एक मे लवकर यावा, माझे हात मालकांच्याच लक्षात यावेत आणि एकदाचा सोक्षमोक्ष लागावा, एवढीच तिची घाई होती. मी विचारलं, तुला कळलं कसं? तर गेल्या वर्षी एकदा मी कढत पाण्यात हात घालून ओरडलो होतो म्हणे, की आंघोळीचं पाणी आज तापलंच कसं नाही. त्या दिवसापासून माझं पाणी रोज तीच काढते, आधी स्वतःचं कोपर बुडवून बघते, मग मला हाक मारते. आणि मी वर्षभर तिला चिडवत होतो की म्हातारपणी बायको लाड करायला लागली. ती हसायची आणि टॉवेल पुढे करायची.

आम्ही दोघं ठीक आहोत. पत्र टाकत जा.

तुझे,
बाबा