पेन्सिल प्रिंट

सोलापूर,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. अनीश, अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. ऊन आत्ताच चाळिशीकडे निघालंय. रोज फोनवर बोलत असताना हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. काही गोष्टी बोलायला माझी जीभ उचलत नाही. शेजारची श्रावणी याचा फोटो काढून तुला आजच पाठवेल.

तुझ्या त्या निळ्या गाडीने मला पार वेडं केलंय. जेवून आडवा झालो की ती जपानहून बोटीने निघते. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला, तरी लाटा अगदी खऱ्यासारख्या हलतात. मग दार-ए-सलामचं बंदर, मग तिथून तुमच्या लुसाकापर्यंतचा लांबच लांब रस्ता. तू चालवतोयस, मी शेजारी. तुझी आई म्हणते, "पुढं मी बसणार की! तुम्ही मागं बसा, डबा धरून." स्वप्नातही माझं काही चालत नाही.

आता मुद्द्याचं. उद्या तू गाडीचे पैसे पाठवणार आहेस. पाठवू नकोस.

आरटीओत तीस वर्षं मी चॅसी नंबर तपासले, म्हणून जपानहून गाडी पाठवणाऱ्या त्या निर्यातदाराची पारख तू विश्वासाने माझ्यावर सोपवलीस. मी त्याच्याकडे आपल्या पद्धतीने नंबराची पेन्सिल प्रिंट मागितली. खोदलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, की भोवती काळं होतं आणि अंक पांढरे राहतात. कुरिअरने आलेल्या कागदावर अंकच काळे होते. गॅरेजवाल्या ईश्वरप्पाला दाखवला, तर तो हसायलाच लागला. "सायेब, ह्ये हातानं काढलंय की! गाडी तरी हाय का न्हाय, कुणाला ठावं." शिवाय निर्यातदाराने पैसे भरायला दिलेलं खातं कंपनीचं नाही, कुणा एका माणसाच्या नावावरचं आहे.

हे मला सतरा फेब्रुवारीलाच कळलं होतं.

तेव्हापासून मी तुला "चौकशी चालू आहे" असं सांगत राहिलो. अनीश, आधी तुझा महिन्याला एक फोन यायचा, तोही आईला. गाडीचं निघाल्यापासून रोज संध्याकाळी, "बाबा, काय म्हणतोय तो?" आपण टायरवर बोललो, रंगावर भांडलो, परवा तर तू तुझ्या पहिल्या सायकलवर अर्धा तास बोललास. गाडीच नाही म्हटलं की हे सगळं थांबेल, या भीतीने गप्प बसलो. काल तू म्हणालास, "तुम्ही हो म्हणालात ना, मग पाठवतो," आणि आज हे लिहायला बसलो. तू फारच विचारलंस तेव्हा शेवटी मी हो म्हणालो होतो रे. मला लाज वाटते.

आईला यातलं काही माहीत नाही. तिने अक्कलकोटहून गाडीत ठेवायला स्वामींची छोटी तसबीर आणून ठेवलीय. तिला मीच सांगेन.

दुसरी गाडी जरूर बघ. तिथे ज्यांनी अशी गाडी मागवून घेतली आहे, त्यांनाच निर्यातदाराचं नाव विचार, आणि बोटीवर चढण्याआधी त्रयस्थाकडून तपासून घे. त्यासाठी माझी गरज नाही.

उद्या सातला मी फोनजवळ बसेन. बोलायला काही विषय नसला तरी चालेल.

तुझा,
बाबा