जागा सोडू नका

३ नोव्हेंबर
पूर्णगडला पोचले. पावस मागे पडलं, रस्ता उतरत गेला आणि खाडीचं मुख समोर आलं, तेव्हा गाडीतच हसू फुटलं. आता वर्षभर याच पाण्यावर काम. खाडीबाहेर एक तेलाची बार्ज बुडालेली आहे. तिच्यातून अजून तेल झिरपतं. होड्या तिच्यावर आपटू नयेत म्हणून वर दिव्याचा बोया तरंगत ठेवलाय. तेल कुठवर पसरतं आणि बोया पुरेसा आहे का, हे मला शोधायचंय. माझ्या मार्गदर्शक दमयंती मॅडम स्वतः सोडायला आल्या. आई गेल्यापासून माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं.

खोली गोदाकाकूंच्या माडीवर. त्यांचे यजमान लवू तांडेल काही वर्षांपूर्वी होडीसकट समुद्रात गेले, खलाशांसह. कुणीच सापडलं नाही. काकूंनी न विचारताच पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवला.

५ नोव्हेंबर
मॅडम मुंबईला परतल्या. जाण्याआधी वायरलेस माझ्या टेबलावर लावून दिला. रोज दिवेलागणीला चाचणीचा कॉल येतो म्हणाल्या. आपलं नाव सांगायचं आणि ठरलेलं उत्तर द्यायचं: मदत निघाली आहे, जागा सोडू नका.

संध्याकाळी कॉल आला. पुरुषाचा दमलेला आवाज, मागे लाटा. मी नाव सांगितलं, उत्तर दिलं. ‘बरं बाय,’ म्हणाला. चाचणीत इतका आपलेपणा! गंमत वाटली.

११ नोव्हेंबर
गावातल्या सदूमामांच्या होडीतून पाण्याचे नमुने घेतले. ओहोटी लागली होती, तवंग बाहेर सरकायला हवा होता. तो गावाकडे येत होता. मामांनी पाहिलं आणि होडी वळवली.

आज तो आवाज म्हणाला, ‘राही, अजून किती वेळ? पोरं गारठली.’

मॅडमना फोन केला. सराव खरा वाटावा म्हणून तसं बोलतात, म्हणाल्या. उत्तर मात्र चुकवू नकोस, हे दोनदा बजावलं.

१४ नोव्हेंबर
काकू चहा घेऊन वर आल्या आणि तेवढ्यात कॉल लागला. कप खाली ठेवून त्या सेटजवळ आल्या.

‘ह्यो आमच्या ह्यांचा आवाज हाय, बाय.’

मी उत्तर दिलं नाही. तो हाका मारत राहिला. काकू सेटवर हात ठेवून ऐकत होत्या.

१५ नोव्हेंबर
मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं कबूल केलं, अगदी शांतपणे. लवू तांडेल गेले त्या वेळी बोयाचा दिवा बंद पडला होता. दुरुस्तीची जबाबदारी त्यांची, आणि त्यांनी तो चालू असल्याचं कळवून टाकलं होतं. लवू तांडेलांची होडी बार्जवर फुटली. ओहोटीत बार्जचं टोक पाण्याबाहेर होतं, त्यावर चढून माणसांनी हातातल्या वायरलेसवरून मदत मागितली. मॅडमनी ते ह्याच सेटवर ऐकलं. जागा सोडू नका म्हणाल्या. कुणालाच पाठवलं नाही. पाठवलं असतं तर विझलेला दिवा सगळ्यांना दिसला असता. मग भरती आली.

तेव्हापासून तो रोज त्यांचं नाव घेऊन हाक मारायचा. दुसऱ्या कुणीतरी आपलं नाव देऊन उत्तर देईपर्यंत.

‘आता मला नाही गं हाक मारत,’ म्हणाल्या. आवाजात केवढी सुटका होती. मला त्यांनी ह्यासाठी आणलं. फक्त ह्यासाठी.

१६ नोव्हेंबर
त्याला खरं सांगितलं. मदत येणार नाही. कधी निघालीच नव्हती. मी रडत होते.

मग म्हणाला, ‘तर मग आम्हीच येतो.’

१७ नोव्हेंबर
सेटची बॅटरी काढून टाकली. दुपारपासून तेलाचा वास. रत्नागिरीची गाडी आलीच नाही. सदूमामांनी दार उघडलं नाही, आतूनच जा म्हणाले—

दिवस मावळतोय. धक्क्यापासून अंगणापर्यंत काळे, ओले पाय उमटलेत. माणूस दिसत नाही. पाय वाढतायत—

काकूंनी कुंकू लावलंय. दार उघडू नका म्हणून मी हात जोडले. ‘इतकी वर्सं पान्यात होते, बाय. दार कसं लावू?’

त्यांनी कडी काढली. मी माडीवर पळून आले.

पायऱ्यांखाली पाणी टपकतंय. खूप जण आहेत. काकू त्यांना बसा म्हणतायत. कुणी बसत नाही. तो काकूंशी बोलत नाही. माझं नाव घेऊन, ती कुठे आहे विचारतोय—

काकू गप्प आहेत. अजून गप्प—

नाही. सांगितलं त्यांनी. माडीवर आहे म्हणाल्या, आणि दिवा घेऊन त्याच पुढे