जुनी जाळी पाठवून दे

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

काम पडल्याशिवाय ताईला भावाची आठवण होत नाही, हे तुझं म्हणणं आज पुन्हा खरं करते. शेगडीने संप पुकारलाय. पुढच्या डाव्या बर्नरवरची जाळी मोडली, दोन नॉब तुटले आणि ओव्हनच्या दाराची काच फुटली. मागच्या बर्नरची ज्योत पिवळी होऊन एका बाजूला लवते, भांडी काळी होतात ती वेगळीच. ओव्हन बंद म्हणजे माझे केक बंद, आणि केक विकायला नेणारा दुकानदार रोज खिडकीशी येऊन तोंड वेंगाडतो.

तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. मोठं पातेलं हातातून निसटलं, एवढंच झालं.

चिरंजीव घरीच आहेत. गोदामातल्या साहेबावर हात उगारला म्हणून नोकरी गेली, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. निवळेल हळूहळू.

तुझ्या दुकानातून सुटे भाग लवकर पाठव, आणि बहिणीसाठी मनातला कोपरा रिकामा ठेव.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

एका पातेल्याने वरची जाळी, समोरचे दोन नॉब आणि खालची काच असं सगळं एकदम लोळवलं? मग ते पातेलं नव्हे, पैलवान म्हणायचा! वय झालं तुझं, मान्य कर.

पिवळ्या ज्योतीचं औषध सोपं आहे. बर्नर गार झाला की झाकणी काढून साबणाच्या गरम पाण्यात घास, भोकं पिनेने मोकळी कर आणि पुरती वाळवून मगच बसव. झाकणी तिरकी बसली तरी ज्योत लवते. खालच्या नोझलमध्ये मात्र पिन खुपसू नकोस, भोक मोठं झालं तर ज्योत भडकेल. वास आला तर आधी गॅस बंद कर, खिडक्या उघड, मग नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लाव. फुगे येतील तिथे गळती. काडी ओढून गळती शोधणारे शहाणेही मी पाहिलेत, त्यांच्या भुवया अजून उगवतायत.

नॉब आणि काच माझ्या दुकानात आहेत. घोडं अडलंय जाळीपाशी. ही शेगडी बनवणं केव्हाच थांबलं, आणि जाळ्या निघाल्या होत्या तऱ्हेतऱ्हेच्या. जरा माप चुकलं तर पातेलं डुगडुगतं. तेव्हा जुनी जाळी मोडकी असली तरी पाठवून दे.

जप स्वतःला, आणि रागावलीस तरी थोडंच रागाव.

तुझा धाकटा

१३ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.

आईच्या नकळत लिहितोय, तिला कळवू नका. तिचं हल्ली कशात लक्ष नसतं. परवा तर चारही बर्नर नुसते उघडे टाकून उभी होती, घरभर वास. मी वेळेवर पोचलो म्हणून निभावलं. हातातून वस्तू पडतात, धडपडते, अंगावर डाग उठतात, आणि विचारलं की माझ्यावरच चिडते. शेजारपाजारी काय बोलते देव जाणे.

मी सांगून ती ऐकत नाही. तुमच्या शब्दाला मान आहे. दोन शब्द लिहिलेत तर उपकार होतील.

तुमची माया आहेच, ती वाढावी.

तुमचा लाडका भाचा

१८ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. चारही बर्नर उघडे टाकलेस? एवढी मोठी गोष्ट आणि पत्रात मला पातेल्याच्या गोष्टी सांगतेस? भाच्याने कळवलं, त्याच्यावर डोळे वटारू नकोस. पोरगा काळजीने अर्धा झालाय.

माझं ऐक. स्वयंपाकघराला कुलूप घाल आणि किल्ली त्याच्याकडे दे. तो घरात असेल तेव्हाच शेगडी पेटव. केक काही दिवस नाही झाले तर दुकानदार मरत नाही, तू मात्र मरशील. मोठी असलीस तरी या बाबतीत मी मोठा.

जाळीची वाट पाहतोय. राग गिळ, माया ठेव.

तुझा धाकटा

२३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुझ्या शेजारीणबाईंच्या पत्त्यावर टाकतोय, त्या तुझ्याच हातात देतील.

पार्सल आज मिळालं. जाळी दिव्याखाली धरली. बिडाची जाड जाळी ओट्यावरून पडली तर टवका उडेल, फार तर तडा जाईल. हिचे दोन तुकडे झालेत आणि एका कडेला भिंतीचा चुना बसलाय. तू घासून पाठवलीस, पण तड्यात घासणी पोचत नाही. तिथे पांढरे केस अडकलेत, मुळांसकट, आणि रक्ताने चिकटून वाळलेत.

मी दुकानातच खाली बसलो. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला हाकलून दिलं. मी मूर्ख, मी गाढव, मीच त्याच्या हाती किल्ली द्यायला सांगितली! आता पातेलं निसटलं म्हणून लिहिलंस तर तुझी शपथ, पुन्हा तोंड बघणार नाही. खरं लिही. शनिवारी मी येतोय. ज्या हाताने त्याने जाळी उचलली तो हात मी जागेवर ठेवणार नाही.

धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

येऊ नकोस. आधी ते लिहिते, मग बाकीचं.

जेवायला उशीर झाला म्हणून त्याने जाळी उचलून फेकली. कानामागे लागून ती भिंतीवर आपटली. नॉब त्याने लाथेने तोडले, काचही लाथेनेच फुटली. त्याआधी एकदा माझं मनगट पेटत्या बर्नरवर धरलं होतं. कारण विचारशील तर मला आता आठवतही नाही, इतकं ते क्षुल्लक होतं. मी बाहीचे कपडे घालते, बाया म्हणतात उकडत नाही का.

बर्नर मी उघडे टाकले नव्हते. त्याने चारही उघडले, लायटर हातात घेतला आणि म्हणाला, आज सगळ्यांची कटकट संपवतो. मी पाय धरले रे. पोटच्या पोराचे पाय धरून रडले. मग तो हसला आणि त्यानेच खिडकी उघडली.

तुझं कुलपाचं पत्र त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मामासुद्धा म्हणतो, असं म्हणाला. तेव्हापासून बाहेर जाताना मला स्वयंपाकघरात कोंडून जातो. हे पत्र गजांतून शेजारणीला देईन.

तुला दोष देत नाही. मीच सगळ्यांना पातेल्याच्या गोष्टी सांगत आले. तो माझा एकुलता एक आहे, आणि आपलेच दात आपलेच ओठ. पण तुझा संताप मला माहीत आहे. तू आलास तर घरात हात उगारणारे एकाऐवजी दोन होतील. तिथूनच प्रेम कर.

ताई

११ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तू त्या शनिवारी निघून गेलास तेव्हापासून मी तुझ्याशी मनात भांडतेय. आज लिहिते.

पान्याने कुलूप तोडून तू आत आलास. मला वाटलं, आता हाका, आरडाओरड. तू माझ्या कानामागे पाहिलंस, मनगट पाहिलंस आणि शेगडी उघडून बसलास. जाळी बसवलीस, नॉब बसवलेस, काच लावलीस, सांध्यांना साबणाचं पाणी लावून फुगे येतात का पाहिलंस. ज्योत निळी आल्यावर मला म्हणालास, बघ, आता तक्रार नाही. हात धुतलेस. मग तो दारातून आत आला आणि तू तोच पाना उचललास.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली पडला, तरी तू मारत राहिलास. तो आई म्हणून ओरडत होता. मी हातात फडकं धरून उभी होते. तुला अडवलं नाही. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. ते आठवलं की जेवण जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी चौकीवर जाऊन त्याच्याविरुद्ध तक्रार दिली. कान दाखवला, मनगट दाखवलं, कुलूप दाखवलं. त्याचा हात कोणी मोडला हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही गप्प राहिले.

काल दवाखान्यात त्याला भेटायला गेले. उजवा हात गळ्यात, बोटं कधी वळतील डॉक्टर सांगत नाहीत. किती गोड बोलला! म्हणाला, मी जिन्यावरून पडलो असं सांगतो, मामाच्या केसालाही धक्का लागणार नाही. तू तेवढी तक्रार मागे घे. दोघांचंही झाकलं जाईल आणि मी घरी येतो. त्याने डाव्या हाताने माझे डोळे पुसले. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

बाहेर बाकावर येऊन बसले. तुला वाचवायचं तर त्याला घरात घ्यायचं. आज तुझ्यासाठी एक खोटं बोलले की त्या खोट्याची दोरी जन्मभर त्याच्या हातात. एकदा वाटलं, घ्यावं घरात, किती दिवस राहिलेत आपले. पण धाकट्या, मला मरायचं नाही. या वयात हे म्हणायची लाज वाटते, तरी म्हणते.

मी तिथून सरळ चौकीवर गेले. हात माझ्या भावाने मोडला, पान्याने, माझ्यासमोर, असं सांगितलं. तुझं नाव दिलं, दुकानाचा पत्ता दिला. मी अडवलं नाही, तेही लिहून घ्या म्हटलं. माझी तक्रार कायम ठेवली आहे.

ते लोक तुझ्याकडे येतील. पळू नकोस, उलट उत्तर देऊ नकोस, आणि वकील आजच गाठ. तू माझ्यासाठी आलास आणि मी तुलाच त्यांच्या हवाली केलं. दुसरा कुठलाच रस्ता मला दिसला नाही.

कळावे. लोभ ठेवशील का, हे विचारायचा हक्क मी आज घालवला. तरी विचारते.

ताई